पाठ : मुठीत मावणारी मोटार

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• ओतीव धातूच्या छोट्या मोटारी कशा तयार होत, हे सांगू शकाल;
• जुन्या खेळण्याचा काळ ओळखण्याच्या खुणा स्पष्ट करू शकाल;
• जतन आणि दुरुस्ती यांतील फरकाविषयी आपले मत मांडू शकाल.

प्रास्ताविक

मराठीत ‘छंद’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, कवितेची नियमबद्ध रचना. दुसरा, मनाला लागलेली ओढ. संग्राहकाच्या छंदात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. ओढ नसेल तर संग्रह सुरू होत नाही आणि नियम नसतील तर तो केवळ अडगळ बनतो. टपालाची तिकिटे आणि नाणी जमवणारे आपण पाहतो. धातूच्या छोट्या मोटारी जमवणारेही असतात. नोकरीनिमित्त गाव सोडून जयपूरच्या मालवीय नगरासारख्या वसाहतीत स्थिरावलेल्या एखाद्या कुटुंबाच्या माळ्यावर, जुन्या भांड्यांच्या पेटीत, अशी एखादी रंग उडालेली मोटार सापडू शकते. ती टाकून द्यावी, रंगवावी की जपावी? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी तिची ओळख करून घेऊ.

१. जस्ताची मोटार

या मोटारी प्रामुख्याने जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम व अल्प प्रमाणात इतर धातू मिसळतात. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते; मिश्रधातू त्याहूनही कमी तापमानाला. हा वितळलेला रस पोलादी साच्यात दाबाने भरला जातो. क्षणात तो घट्ट होतो, साचा उघडतो आणि दारे, खिडक्या, दिवे यांचे बारकावे जसेच्या तसे असलेला सांगाडा बाहेर पडतो. त्यानंतर कडा घासणे, रंग देणे, चाके बसवणे आणि तळाची पट्टी रिव्हेटने जोडणे ही कामे होतात.

या धातूशी राजस्थानचे नाते फार जुने आहे. उदयपूरजवळील जावर येथे कित्येक शतकांपूर्वी मोठ्या प्रमाणावर जस्त काढले जात असे. तापवले की जस्ताची वाफ होऊन उडून जाते. म्हणून तेथील कारागिरांनी वांग्याच्या आकाराची मातीची पात्रे वापरून ती वाफ खाली उतरवून थंड करण्याची युक्ती शोधली. एका भट्टीत अशी ३६ पात्रे मांडलेली असत. वापरून झालेली पात्रे तेथील घरांच्या भिंतींत विटांसारखी रचलेली आढळतात. ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनला इंग्लंडमध्ये जस्त काढण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळाले ते १७३८ साली.

२. लिव्हरपूल ते कोलकाता

इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९३४ साली आपल्या छोट्या वाहनांना ‘डिंकी टॉईज’ हे नाव दिले. लंडनच्या लेस्नी कंपनीची कथा अधिक घरगुती आहे. तेथील जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची परवानगी होती. ओडेल यांनी तिच्यासाठी आगपेटीत बसेल असा रस्ता दाबण्याचा पितळी रोलर बनवला. त्यातूनच १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ मोटारी बाजारात आल्या. १९५६ मध्ये ‘कॉर्गी’ आली. खिडक्यांना पारदर्शक प्लॅस्टिक हे तिचे वैशिष्ट्य होते. १९६८ साली अमेरिकेच्या मॅटेल कंपनीने ‘हॉट व्हील्स’ आणली. तिची चाके इतकी वेगाने फिरत की मॅचबॉक्सलाही लगेच आपली चाके बदलावी लागली.

भारताचा अध्याय याच सुमारास सुरू झाला. डिंकीचे काही जुने साचे कोलकात्यात आले आणि तेथे ‘निकी टॉईज’ या नावाने मोटारी निघू लागल्या. साचे झिजलेले असल्यामुळे ओतकाम थोडे ओबडधोबड येई व रंगही जाड बसे. त्या काळी या मोटारी मूळ मालाच्या दुय्यम प्रती मानल्या गेल्या. आज मात्र देशोदेशीचे संग्राहक त्यांचा आवर्जून शोध घेतात, कारण एका देशातील साचा दुसऱ्या देशातील कामगारांच्या हाती कसा गेला, याचा तो पुरावा आहे. पुढे ‘लिओ मॅटेल’ या नावाने भारतात हॉट व्हील्सही तयार झाल्या.

३. वस्तू वाचावी कशी?

‘जुने ते सोने’ असे आपण म्हणतो; परंतु संग्राहक या म्हणीवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. मुंबईच्या चोर बाजारात किंवा आठवडी बाजारात मोटार हाती आली की तो प्रथम ती उलटी करतो. तळपट्टीवर कंपनीचे नाव, देश आणि क्रमांक असतो. मग तो चाके पाहतो. मॅचबॉक्सची जाड, साधी चाके ही साधारणपणे १९६९ पूर्वीची खूण. पातळ, वेगवान चाके त्यानंतरची. रिव्हेटवर कोरल्याच्या खुणा दिसल्या, तर मोटार कधीतरी उघडली गेली आहे, असे तो समजतो.

काही मोटारींच्या धातूला भेगा पडतात, तो फुगतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. संग्राहक याला जस्ताची ‘कीड’ म्हणतात. प्रत्यक्षात ती कीड नव्हे. मिश्रधातूत शिसे गेल्याने धातू आतून पोखरला जातो. दमट हवा ही क्रिया वाढवते. ती एका मोटारीतून दुसरीत पसरत नाही, पण तिच्यावर उपायही नाही. कारखान्यात झालेली भेसळ अनेक वर्षांनी उघडकीस येते, ती अशी. म्हणून मोटारी कोरड्या जागी व धुळीपासून दूर ठेवाव्यात. जुन्या रंगात शिसे असू शकते. त्यामुळे अशी खेळणी लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.

४. जपावे की रंगवावे?

न वापरलेल्या, मूळ डबीसह असलेल्या मोटारीला बाजारात सर्वाधिक किंमत मिळते. म्हणजे जे खेळणे कधी खेळलेच गेले नाही, ते सर्वांत महाग ठरते! याउलट टवके उडालेली, एक चाक वाकलेली मोटार कोणा मुलाच्या कितीतरी दुपारींची साक्षीदार असते. ती नव्याने रंगवली की देखणी होते. पण ती साक्ष पुसली जाते. रंगवणे हा गुन्हा नाही. रंगवलेली मोटार ‘मूळची’ म्हणून विकणे ही मात्र फसवणूक आहे.

म्हणूनच जाणकार संग्राहक कपाटाइतकेच महत्त्व नोंदवहीला देतो. वस्तू कोठून मिळाली, कोणाची होती, तिच्यात काय बदलले, हे तो लिहून ठेवतो. पुण्यात दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा रोजच्या वापरातील हजारो वस्तू जमवल्या. त्यांतून पुढे संग्रहालय उभे राहिले. सामान्य माणसाच्या हातातील वस्तूही इतिहास सांगते, हे त्या संग्रहाने दाखवून दिले. मुठीत मावणाऱ्या मोटारीलाही हेच लागू आहे. नोंद नसेल तर ती धातूचा तुकडा असते. नोंद असेल तर ती एका घराची, एका कारखान्याची आणि एका काळाची खूण होते.

शब्दार्थ

एकस्व – शोधावरील कायदेशीर हक्क. मिश्रधातू – दोन किंवा अधिक पदार्थांपासून बनलेला धातू. संग्राहक – वस्तू जमवून जतन करणारा.

स्वाध्याय

१. ‘छंद’ या शब्दाचे दोन्ही अर्थ संग्राहकाला कसे लागू पडतात?
२. निकी टॉईजकडे पाहण्याची दृष्टी काळानुसार का बदलली?
३. जुने खेळणे रंगवावे की तसेच ठेवावे? तुमचे मत सकारण लिहा.
४. तुमच्या घरातील एक जुनी वस्तू निवडा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तिची दहा ओळींत नोंद तयार करा.