कोनं मारलं तुले, बाबू?

बाबू, दहावी झाली, हातात नवा फोन आला आणि कोणता गेम टाकू म्हणून विचारायला आलास, हे बरं केलंस. कॉलेजचं तुझी आई सांगेल, शेतीचं आजोबा सांगतील. मारधाडीच्या गेमांतलं मात्र घरात माझ्याएवढं कोणाला कळत नाही. चिखलीला सायबर कॅफे चालवला, त्याआधी टीव्हीला डबा जोडून खेळलो, आणि अजूनही रात्री शटर ओढलं की तासभर बसतोच. मामीला विचार, ती वेगळ्या सुरात सांगेल एवढंच.

पहिला मंत्र. मेल्या मेल्या पुन्हा 'स्टार्ट' दाबायचं नाही. कॅफेत पोट्टे माउस आपटायचे तेव्हा मी खुर्चीमागे उभा राहून एकच विचारायचो, "कोनं मारलं तुले?" ज्याला सांगता यायचं, की वरच्या माळ्यावरच्यानं मारलं, मी खिडकीसमोर उभा राह्यलो, तो पुढच्या खेपेला तिथं मरायचा नाही. ज्याला सांगता यायचं नाही त्याचं दोनपैकी एक असायचं. लक्ष नव्हतं, नाहीतर गेमच लबाड होता. गेम चांगला की वाईट हे मी एवढ्यावरून ठरवतो. चित्रं किती खरी दिसतात, कंपनी किती मोठी, हे सगळं नंतर.

या हिशेबानं कॉन्ट्रा अजून पहिल्या नंबरावर. कोनामीनं तो १९८७ मध्ये पार्लरच्या मशीनसाठी काढला, १९८८ मध्ये निन्टेंडोच्या घरगुती डब्यावर आणला आणि आपल्याकडे पोचला तो नकली डब्यांतून. कॅसेटवर '९९९९ इन वन' छापलेलं, आत खरे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी तेच ते, कुठे तिसऱ्या स्टेजपासून सुरू, कुठे बंदूक बदललेली. कॉन्ट्रात एक गोळी लागली की लाइफ गेली. पण ती गोळी दिसते. छोटा ठिपका, सरळ रेषेत येणारा, तुला उडी मारायला वेळ देऊन येणारा. तोफा दर वेळी त्याच जागी. म्हणजे गेलास तर स्वतःच्या कर्मानं गेलास.

त्यात 'एस'ची बंदूक मिळाली की दुसरं काही उचलायचं नाही. पाच गोळ्या फाकून जातात, नेम धरायचं कामच उरत नाही. पोट्टे 'एल' दिसला की झडप घालतात. लेझर दिसायला झकास, पण बटण पुन्हा दाबलं की आधीचा किरण अर्ध्यात विझतो, आणि बटण बडवायची सवय तर सगळ्यांनाच असते. तिसऱ्या स्टेजला धबधबा आहे, तिथं पडदा वर सरकतो. जोडीनं खेळत असशील तर वर पोचलेल्यानं थांबायचं, नाहीतर खालचा पडद्याबाहेर जाऊन मरतो. किती भावाभावांची भांडणं त्या धबधब्यावर झाली असतील देव जाणे. आपल्या लाइफ संपल्या की जोडीदाराच्या घेता येतात त्यात. घ्याव्या, पण विचारून घ्याव्या.

वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. यानं ३० लाइफ मिळतात हे तुला माहीत असेल, आजकाल सगळ्यांनाच माहीत असतं. चीट वापरू की नको असं विचारशील, तर त्याची जन्मकथा ऐक. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोनं हा कोड १९८६ मध्ये 'ग्रेडियस' नावाच्या विमानाच्या गेमसाठी लिहिला, कारण तपासणी करताना त्याला स्वतःलाच तो गेम संपवता येईना. बनवणाऱ्यालाच जमेना तिथं तू कशाला लाजतोस? पहिल्यांदा ३० लाइफनं शेवटपर्यंत जाऊन सगळा रस्ता बघून घे. दुसऱ्यांदा मात्र तीन लाइफवरच जायचं.

एसटी स्टँडजवळच्या पार्लरातला मुस्तफा तू पाहिला नाहीस. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा, १९९३ चा, मार्क शुल्ट्झच्या कॉमिकवरून काढलेला. त्यात चार जण निवडता येतात, पण आपल्याकडे सगळ्यांनी मुस्तफाच घेतला आणि गेमचं नावही तेच पडलं. चपळ गडी, पळत येऊन लाथ घालतो. असल्या गेमांत शत्रूच्या समोरासमोर एका रेषेत उभं राहायचं नाही. थोडं वर, थोडं खाली, तिरपं जायचं, आणि तो वळेपर्यंत दोन ठेवून द्यायच्या. दोन्ही बटणं एकदम दाबली की गरागरा फिरून सगळ्यांना पाडतो, पण प्रत्येक वेळी आपलीच थोडी शक्ती जाते; चारी बाजूंनी घेरलं तरच वापर. मजा खूप. पण काट्यावर घातला तर मुस्तफा कमी भरतो. पार्लरचे गेम नाणी खायलाच बनवलेले असायचे, शेवटचे राक्षस मुद्दाम इतके मारतात की खिशात हात गेलाच पाहिजे.

आता आयजीआय. २००० साली आला, नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजचा. त्यांनी आधी लढाऊ विमानाचा गेम केला होता आणि त्याच इंजिनावर हा उभा केला. म्हणून त्यातली मैदानं एवढी लांबरुंद. टेकडीवरून अख्खा तळ दिसतो आणि चालत गेलास तर खरंच तिथवर पोचतोस. डेव्हिड जोन्स एकटा माणूस, समोर काटेरी तारा, मनोरे, बराकी. १४ मिशन, आणि मिशनच्या मधे सेव्ह करायची सोयच नाही. अर्धा तास खपून शेवटच्या दारात एक शिपाई नजरेतून सुटला, की पुन्हा तारांच्या बाहेर.

त्यात आपल्याकडे लोडशेडिंग. घाटावर काय अन् घाटाखाली काय, लाईट दिवसाचे कितीतरी तास नसायची. जायच्या वेळा ठरलेल्या असायच्या, आणि त्या सोडूनही जायची. यूपीएस आवरून घ्यायला मिनिटं देणार, मिशन पुरं करायला नाही. कॅफेत मी भिंतीवर लाईटच्या वेळा चिकटवल्या होत्या आणि कोणी आयजीआय लावला की बोट दाखवायचो. नवीन मिशन लाईट आल्या आल्या सुरू करायचं, जायच्या वेळेला टेकून करायचं नाही. आता तुला याचं हसू येईल, पण सोयाबीन सोंगायला आलेल्या मजुराच्या पोरानंही दहा रुपये देऊन अर्धा तास घेतलेला असायचा, आणि तो अर्धा तास लाईटनं खाल्ला की त्याचं तोंड बघवत नसे. पैसे परत द्यावेच लागायचे.

आयजीआय खेळायची रीत सांगतो, ती पुढे तुला सगळ्या बंदुकीच्या गेमांत कामी येईल. उतरल्यावर बंदुकीच्या आधी दुर्बीण काढायची. मनोऱ्यावर कोण आहे, कॅमेरा कोणत्या बाजूला वळतो, अलार्मचं बटण कोणत्या भिंतीला आहे, हे बघून घ्यायचं. आधी मनोऱ्यावरचा टिपायचा, कारण त्याला वरून सगळं दिसतं. कॅमेरे बंद करायला कुठल्यातरी खोलीत कॉम्प्युटर असतो, तो शोधायचा. आणि अलार्म वाजलाच, तर मैदानात उभं राहून शौर्य दाखवायचं नाही. आत शिरायचं, दाराकडे तोंड करून कोपरा धरायचा आणि येईल तसा एकेक घ्यायचा. गोळ्या दोन-दोन, तीन-तीन. बंदूक भरायची ती आडोशाला, शत्रू मेल्याची खात्री झाल्यावर. निम्मे पोट्टे बंदूक भरतानाच मरतात.

माझी तक्रारही याच गेमवर आहे. आपण आत्ता रिकामी बघून आलेली बराक, अलार्म झाला की तिच्यातूनच शिपाई बाहेर येतो आणि पाठीत गोळी घालतो. कोनं मारलं? जो दोन मिनिटांपूर्वी जगातच नव्हता त्यानं. ही लबाडी. म्हणून आयजीआयला पैकीच्या पैकी देत नाही, जीव मात्र त्याच्यावरच. २००३ च्या दुसऱ्या भागात मोजक्या वेळा सेव्ह करता येतं. लोक म्हणतात सुधारणा झाली. सोय झाली खरी, पण पहिल्या भागात शेवटच्या दाराशी हाताला घाम यायचा, तो गेला.

व्हाइस सिटी तुझ्या वयाला नाही. पाकिटावर १८ लिहिलंय ते उगीच नाही. तरी तू खेळशीलच, म्हणून मत सांगून ठेवतो. गाडी चालवायला आणि रेडिओ ऐकत भटकायला त्याला तोड नाही. बंदुकीचा नेम मात्र भिकार, कोणाला लागेल सांगता येत नाही. PC वर २००३ मध्ये आला तेव्हा निम्मी गिऱ्हाइकं 'पँझर' टाइप करून रणगाडा काढायची आणि मिशनला हात न लावता घरी जायची. ज्यांनी मिशन केली ती सगळी खेळण्यातल्या हेलिकॉप्टरपाशी अडकली. चार बॉम्ब बांधकामाच्या इमारतीत नेऊन ठेवायचे, घड्याळ पळतंय. त्याची युक्ती अशी की घड्याळ पहिला बॉम्ब उचलल्यावर सुरू होतं. आधी नुसतंच उडत जाऊन मजले बघून घे, पंख्यानं पहारेकरी आडवे कर, मग बॉम्बला हात लाव. गेममध्ये घड्याळ दिसलं की ते कशानं सुरू होतं हे आधी बघायचं.

काउंटर स्ट्राइक १.६ मी शेगावच्या इंजिनिअरिंगच्या पोरांकडून शिकलो. काट्यावर हाही पुरा भरतो. पळता पळता गोळी घालशील तर भिंतीला लागेल. थांब, मग मार. गोळ्या सुटत जातील तसा नेम वर चढतो, म्हणून छातीवर धरून थोडं खाली ओढत राहा. शिफ्ट दाबून चाललं की पावलांचा आवाज होत नाही. हेडफोन चांगला घे, माउस साधा चालेल. एवढं जमलं की बाकी सगळं नकाशा पाठ असण्यावर आहे.

आता तुझ्या फोनचं. पब्जी मोबाइल २०१८ मध्ये आला, सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला, २०२१ च्या जुलैत बीजीएमआय होऊन परतला. मधे पुन्हा गेला, पुन्हा आला. शंभर जण एका बेटावर उतरतात. पहिल्यांदा गर्दीच्या गावात उतरू नकोस, कडेला उतर. मेलेल्याची पेटी उघडायला धावू नकोस. ज्यानं त्याला मारलं तो अजून तिथंच नेम धरून बसलेला असतो, तूही त्याच्या जागी असतास तर तेच केलं असतंस. कोनं मारलं हे मेल्यावर रिप्लेत दाखवतात, तेवढं न चुकता बघ. फ्री फायरची गोष्ट वेगळी. २०२२ मध्ये बंदी आली तो मूळ गेम आणि त्याचा मॅक्स भाऊ, दोन्हींत बंदुकीचे विकतचे रंग नुसते रंग नसतात, त्यानं बंदुकीची ताकदही वाढते. म्हणजे कोनं मारलं याचं उत्तर 'ज्याच्या बापानं पैसे भरले त्यानं' असं येऊ शकतं. तो गेम माझ्या घरात नको. बीजीएमआयमधले कपडे हौसेचे आहेत, त्यानं गोळी अडत नाही. आजोबांच्या तुरीच्या पट्टीतून त्यावर एक रुपया जाता कामा नये. आणि पैसे लावून खेळायचे जे गेम आहेत, त्यांवर २०२५ च्या कायद्यानं बंदीच आणली. त्यांची लिंक कोणी पाठवली तर उघडूही नको.

मलकापूर-नांदुऱ्याकडे मे महिन्यात फोन हातात धरवत नाही. तापलेला फोन स्वतःच धिमा होतो, चित्र अडखळतं, आणि आपण म्हणतो नेटवर्क नाही. चार्जिंगला लावून खेळायचं नाही, कव्हर काढायचं, कूलरसमोर बसायचं. आणि एसटीत बसून मॅच लावायची नाही. घाटात रेंज जाते, मग सोबतचे तिघं तुझ्या नावानं शंख करतात.

आपल्याकडचंही एखादं बघ. 'राजी' पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केला, २०२० मध्ये आला. भावाला सोडवायला निघालेली पोरगी, हातात दुर्गेचा त्रिशूळ. मधल्या गोष्टी सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितल्यात, ते बघतच राहावं असं. एका जागी उभं राहून मारत बसशील तर कंटाळशील. खांबाला धरून फिर, भिंतीवरून उडी घे, तिथंच त्याची गंमत आहे. पुढे पुढे मारामारी तीच ती होते आणि शेवट मधेच तोडल्यासारखा वाटतो, हे आपला म्हणून लपवणार नाही. पण मेल्यावर का मेलो ते कळतं. 'अनचार्टेड'चा 'लॉस्ट लेगसी' भाग, २०१७ चा, आपल्या पश्चिम घाटात घडतो, होयसळांची देवळं शोधत. देखावे सुरेख आहेत, मारामारी मात्र गोळीबार करत पुढं सरकायची, नेहमीचीच.

दिवाळीला येशील तेव्हा माझ्या पीसीवर 'सेकिरो' लावून देतो. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा, २०१९ चा. सोपं-अवघड निवडायची सोय नाही, आणि सुरुवातीला मरशील म्हणजे मरशीलच. पहिले काही दिवस मारायच्या भानगडीत पडायचं नाही. समोरच्याची तलवार येते त्या क्षणाला आपली आडवी धरायची, ठण्ण असा आवाज आला की बरोबर अडवलं. तसं चार-सहा वेळा जमलं की त्याचा तोल सुटतो, आणि मग एकच वार पुरतो. लाल अक्षर चमकलं तर मात्र नुसतं अडवून भागत नाही. भोसकायला येत असेल तर उलट त्याच्या अंगावर जायचं बटण दाबायचं, पायाशी वार असेल तर उडी. कोणता वार येतोय हे त्याच्या खांद्याकडे बघून कळतं, तलवारीकडे बघून नाही.