ब्रेक जास्त, तिथे हायब्रिड

बुकिंगचे पैसे भरण्याआधी थोडं ऐकून घे, बाळा. हायब्रिड गाडी पेट्रोल वाचवते, यात शंका नाही. किती वाचवते, ते मात्र तुझा रोजचा रस्ता ठरवतो.

तू बघतेयस त्या गाडीला बाहेरून चार्जिंग नाही. म्हणजे तिची वीजही शेवटी तुझ्या टाकीतल्या पेट्रोलचीच. साध्या गाडीत ब्रेक दाबला की वेगातली ताकद उष्णता होऊन वाया जाते. हायब्रिडमध्ये मोटर तेव्हा जनित्राचं काम करते आणि त्यातला बराचसा भाग बॅटरीत परत भरते. शिवाय सिग्नलला आणि कोंडीत सरकताना इंजिन बऱ्याचदा बंदच असतं. म्हणून वारजे ते हिंजवडी अशा रोजच्या रखडपट्टीत ती साध्या पेट्रोल गाडीला सहज मागे टाकते. तीच गाडी एक्स्प्रेस-वेवर एकसारखी शंभरच्या वेगाने नेलीस, तर ब्रेक लागतोच कुठे? तिथे फरक बराच घटतो.

शोरूममध्ये पहिला प्रश्न विचार, 'माइल्ड की स्ट्राँग?' माइल्ड हायब्रिडमधली मोटर इंजिनाला हातभार लावते, नुसत्या विजेवर गाडी नेत नाही. 2022 साली आलेल्या ग्रँड व्हिटाराचेच आकडे बघ. माइल्ड मॅन्युअलचं ॲव्हरेज 21.11, स्ट्राँगचं 27.97. हे चाचणीतले आकडे. रस्त्यावर दोन्हींचे कमीच पडतात. खरं ॲव्हरेज हवं असेल तर ऑटो-कटपर्यंत टाकी फुल कर, ट्रिप मीटर शून्यावर आण, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल कर आणि किलोमीटरला लिटरने भाग.

आता वही घे. समज, शहरात साधी गाडी लिटरला 14 देते आणि हायब्रिड 22. महिन्याला हजार किलोमीटर झाले तर साधारण 26 लिटर वाचतात. पेट्रोल 105 रुपये धरलं तर पावणेतीन हजारांच्या आसपास. ऑन-रोड किमतीतला फरक तीन लाख असेल तर तो भरून निघायला नऊ वर्षं लागतात. महिन्याला दोन हजार किलोमीटर असतील तर साडेचार. बॅटरीची वॉरंटी किती, तेही लेखी घे. टोयोटा आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर देते.

घेतलीस, तर ब्रेक लांबूनच हलक्या पायाने दाब. करकचून दाबलास की ताकद ब्रेक पॅडमध्ये जळते, बॅटरीत जात नाही. बॅटरीला हवा पोचवणाऱ्या जाळीवर पिशव्या टेकवू नकोस. बॅटरी छोटी असते, त्यामुळे लांबच लांब घाट उतरताना ती लवकर भरते आणि पुढची ताकद वाया जाते. घाट चढताना तर इंजिनालाच राबावं लागतं. हा हिशेब दर शनिवारी महाबळेश्वर गाठणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा.

तुझं रोजचं जाणं-येणं कोंडीतलं आहे आणि गाडी दहा वर्षं ठेवणार आहेस. तू स्ट्राँग हायब्रिड घे. तुझ्या भावाची गाडी मात्र महिन्यातून दोनदा सोलापूरला जाते आणि एरवी पार्किंगमध्ये उभी असते. त्याने साधी पेट्रोलच घ्यावी.