पुशअपनं न जिरणारी छाती

पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता किमान 79 सेंटिमीटर भरावी लागते आणि फुगवल्यावर 5 सेंटिमीटर वाढावी लागते. चिखलीत आम्ही पोरं त्यासाठी पहाटेपासून घाम गाळायचो. मला धास्ती आकड्याची नव्हती, शर्ट काढायची होती. दोन्ही बोंडांखाली उभार दिसायचा, म्हणून भर उन्हाळ्यातही आत घट्ट बनियन. "पुशअप वाढव लेका, जिरून जाईल," असं जो तो सांगे. दंड भरले, छाती भरली, उभार मात्र तसाच.

अकोल्याच्या सर्जननी आडवं झोपवून अंगठा आणि बोट बोंडाच्या दोन बाजूंनी जवळ आणलं. मधे सुपारीएवढं घट्ट काही लागलं. म्हणाले, "ही चरबी नाही, स्तनग्रंथी आहे. गायनेकोमास्टिया."

चरबी बोटांना मऊ लागते, वजन उतरलं की कमी होते. ग्रंथी व्यायामानं जात नाही. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉनचा तोल बिघडला की ती वाढते. वयात येताना पुष्कळ मुलांना हे होतं आणि बहुतेकांचं 6 महिने ते 2 वर्षांत आपोआप ओसरतं. तोवर घरच्यांनी पोराला चिडवू नये, एवढं तरी करावं.

मोठेपणी सुरू झालं तर आधी कारण शोधा. स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइडसारखी औषधं, दारूनं बिघडलेलं यकृत, थायरॉइड, क्वचित अंडकोषातली गाठ, यातलं काहीही असू शकतं. म्हणून डॉक्टर रक्ताबरोबर अंडकोषही तपासतात. तिथं लाजू नका. चालू गोळी मात्र मनानं बंद करू नका. जिममध्ये कुणी 'बॉडी बनवायचं' इंजेक्शन देऊ केलं तर सरळ नाही म्हणा. त्यातल्या जादा टेस्टोस्टेरॉनचं शरीर इस्ट्रोजेन बनवतं.

दुखणं नवं असेल तर डॉक्टर कधी टॅमॉक्सिफेन देतात. जुन्या, घट्ट झालेल्या ग्रंथीवर गोळ्या फारशा चालत नाहीत. माझं जुनं होतं. बोंडाभोवतीच्या काळ्या कडेवर चीर देऊन ग्रंथी काढली, मग काही आठवडे दाबपट्ट्याचं जाकीट. विमा कंपन्या हे ऑपरेशन दिसण्यासाठीचं ठरवून बऱ्याचदा पैसे नाकारतात, तेव्हा आधीच विचारून घ्या.

गाठ एकाच बाजूला, कडक, बोंडापासून सरकून असेल, कातडी आत ओढली जात असेल किंवा बोंडातून रक्त येत असेल, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. स्तनाच्या कर्करोगाच्या 100 रुग्णांत साधारण एक पुरुष असतो, आणि तो बहुधा उशिराच दाखवायला येतो.