दुकानाची पाटी आणि किल्ली

चिंचपोकळी स्थानकातून पूर्वेस उतरून लालबागच्या बाजाराकडे वळले, की मिरची-मसाल्याचा उग्र गंध येऊ लागतो. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करून नेण्यासाठी येथे गिऱ्हाइकांची रीघ लागते. हा बाजार गिरणगावाच्या आश्रयाने वाढला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे अनेक गिरण्या बंद पडल्या आणि पुष्कळ कुटुंबे दूरच्या उपनगरांत राहावयास गेली. घर बदलले, तरी जिभेची चव बदलत नाही. अशा दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचावयाचे, तर लहान दुकानदाराला इंटरनेटवरही दुकान मांडावे लागते.

असे दुकान उभारण्याची तयार साधने मिळतात. ती मुख्यतः दोन प्रकारची आहेत. २००६ साली सुरू झालेले शॉपिफाय हे भाड्याच्या गाळ्यासारखे होय. दरमहा शुल्क भरले, की देखभाल व दुरुस्ती यांची काळजी कंपनी वाहते. वर्डप्रेसच्या जोडीने चालणारे, २०११ साली आलेले वूकॉमर्स हे स्वतः बांधलेल्या घरासारखे आहे. ते मुळात विनामूल्य मिळते. परंतु ते ठेवण्याच्या जागेचे भाडे आणि वेळोवेळीची डागडुजी मालकाच्या माथी येते. ज्याला हे काम येते किंवा जाणता मदतनीस लाभतो, त्याने घर बांधावे. इतरांना गाळा बरा.

निवड करण्यापूर्वी हिशेब मांडावा. समजा, साधनाचा मासिक खर्च २००० रुपये आहे आणि महिन्यास ४० पुडकी रवाना होतात. तर प्रत्येक पुडक्यावर ५० रुपयांचा भार पडतो. काही सेवा विक्रीवर टक्केवारीही घेतात. तीही त्यात मिळवावी. मग दुकान साध्या मोबाइलवर उघडून पाहावे. मराठी अक्षरे नीट दिसतात काय? यूपीआयने पैसे देता येतात काय? मालाचे वजन, किंमत आणि अन्नपरवान्याचा १४ अंकी क्रमांक ठळक दाखविता येतो काय?

याहूनही महत्त्वाच्या गोष्टी दोन. पहिली पाटी, म्हणजे दुकानाचा इंटरनेटवरील पत्ता. तो दुकानदाराने स्वतःच्या नावावर नोंदवावा. दुकान बांधून देणाऱ्याच्या नावावर राहू देऊ नये. दुसरी किल्ली, म्हणजे गिऱ्हाइकांची यादी, मालाची सूची व मागण्यांची नोंद. ही सर्व माहिती हवी तेव्हा उतरवून घेता आली पाहिजे. उद्या साधनाचे दर वाढले अथवा ते बंदच पडले, तर ज्याच्या हाती पाटी व किल्ली आहे, तो दुसरीकडे दुकान थाटू शकतो. ज्याच्या हाती त्या नाहीत, त्याने वर्षानुवर्षे जोडलेली गिऱ्हाइके एका दिवसात अंतरतात.

गाळा भाड्याचा असण्यात उणेपणा नाही. मात्र दुकानाची पत परक्याच्या स्वाधीन करू नये.