अँटिबायोटिकचे इंजेक्शन : सिस्टर इतके प्रश्न का विचारतात?

वॉर्डात अँटिबायोटिकचे, म्हणजे प्रतिजैविकाचे, पहिले इंजेक्शन द्यायची वेळ आली की नातेवाइकांची एक तक्रार ठरलेली असते. "डॉक्टरांनी लिहून दिले, आम्ही मेडिकलमधून धावत जाऊन आणले, आणि सिस्टर अजून प्रश्नच विचारीत बसल्या आहेत!" तीस वर्षे परिचारिका म्हणून काम करताना हे मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आज त्या प्रश्नांविषयीच लिहावे म्हणते.

प्रथम हे औषध करते काय, ते पाहू. जिवाणूच्या पेशीभोवती एक भक्कम भिंत असते. माणसाच्या पेशीला ती नसते. १९२८ साली फ्लेमिंग यांना सापडलेले पेनिसिलिन आणि त्याच्या गोतावळ्यातली अ‍ॅमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रियाक्झोन यांसारखी औषधे ही भिंत बांधण्याचे काम बंद पाडतात. जिवाणू फुटून मरतो, आपल्या पेशी बचावतात. विषाणूला मात्र अशी भिंत नसतेच. त्यामुळे सर्दी-पडसे, फ्लू, डेंग्यू यांवर ही औषधे चालत नाहीत, मग ती कितीही महाग असोत.

आता तो प्रश्न. "औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?" असे विचारले की दहांतले नऊ जण "नाही" म्हणून मोकळे होतात. ते खोटे बोलत नाहीत, त्यांच्या घरात त्या गोष्टीला अ‍ॅलर्जी म्हणतच नाहीत! एका बाळंतिणीने मला असेच "नाही" सांगितले. मी तिच्या आईकडे वळून विचारले, "मावशी, हिला कधी औषधाने पित्त उठलं होतं का?" त्या लगेच म्हणाल्या, "उठलं होतं तर! लहानपणी फोडावर सुई दिली होती, तेव्हा अंगभर गांधी आल्या, ओठ सुजले. पण ते पित्ताचं होतं ना?" मी हातातले इंजेक्शन बाजूला ठेवले आणि डॉक्टरांना बोलावले. त्यांनी वेगळ्या गटातले औषध दिले.

म्हणून वाचकांना माझे सांगणे आहे, की औषध घेतल्यावर अंगावर गांधी उठणे, खाज सुटणे, ओठ-डोळे सुजणे, धाप लागणे यांतले काहीही पूर्वी झाले असेल, तर ते विचारण्याची वाट न पाहता सांगा. औषधाचे नाव व साल एका कागदावर लिहून तो केसपेपरबरोबर ठेवा. नुसते जुलाब होणे किंवा मळमळणे ही मात्र बहुधा अ‍ॅलर्जी नसते. उगाच अ‍ॅलर्जीचा शिक्का बसला, तर चांगले व स्वस्त औषध कायमचे हातचे जाते. तेव्हा काय झाले होते, तेवढेच नेमके सांगावे.

काही ठिकाणी कातडीखाली थोडे औषध टोचून चाचणी घेतात. ती निर्दोष आली म्हणजे धोका संपला असे नव्हे. तीव्र अ‍ॅलर्जी बहुधा काही मिनिटांतच दिसते. घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो, माणूस घामाघूम होतो. अशा वेळी प्राण वाचवणारे औषध म्हणजे अ‍ॅड्रेनलिन. ते मांडीच्या स्नायूत ताबडतोब द्यावे लागते. म्हणून इंजेक्शन झाल्यावर निदान अर्धा तास तरी दवाखान्यातच थांबावे. बसची वेळ झाली म्हणून उठून जाऊ नये. आणि जिथे अ‍ॅड्रेनलिन हाताशी नाही, तिथे ही सुई घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

"सलाइन जरा जोरात सोडा," हाही नेहमीचा आग्रह. व्हॅन्कोमायसिन नावाचे औषध निदान एक तासभर थेंबथेंब द्यावे लागते. घाई केली तर मान व चेहरा लालबुंद होतो, रक्तदाब उतरतो. सेफ्ट्रियाक्झोन हे आर. एल. च्या सलाइनमध्ये मिसळत नाहीत, कारण त्या सलाइनमधल्या कॅल्शियमशी संयोग होऊन साका तयार होतो. जेंटामायसिन चालू असताना सिस्टर रोज लघवी मोजायला सांगतात, कारण ते मूत्रपिंडाला व कानाला अपाय करू शकते. लघवी कमी झाली किंवा कानात गुणगुण सुरू झाली, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.

रात्री दहाला झोपलेल्या रुग्णाला उठवले म्हणून पुष्कळजण रागावतात. पण पेनिसिलिन गटातल्या औषधांची रक्तातली पातळी टिकून राहिली तरच जिवाणू मरतात. दिवसातून तीनदा म्हणजे सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. चहा, जेवण, जेवण असा हिशेब घरी धरला, तर रात्रीचा मोठा काळ औषधाविना जातो आणि जिवाणूंना उसंत मिळते. औषध किती दिवस घ्यायचे, ते डॉक्टर ठरवतात. काही आजारांत आता पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरतात, पण ताप उतरला म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत.

लहान मुलांच्या कोरड्या पावडरीच्या बाटलीत उकळून पूर्ण गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालावे, हलवावे, फेस बसल्यावर पुन्हा खुणेपर्यंत भरावे. प्रत्येक वेळी बाटली हलवूनच द्यावे, नाहीतर वरवर पाणी व तळाशी सगळे औषध, असा प्रकार होतो. मोजायला घरातला चमचा न घेता बाटलीबरोबरचे माप घ्यावे. पाणी घातल्याची तारीख लेबलावर लिहावी. लेबलावर दिलेले दिवस संपले, की उरलेले औषध धाकट्यासाठी राखून न ठेवता टाकून द्यावे.