घरात व परसबागेत आढळणारे दोन परकीय पतंग

पवना नदीकाठचे थेरगाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. अशा दाट वस्तीतही अंगणात किंवा गच्चीवरील कुंड्यांत टोमॅटो लावता येतात आणि स्वयंपाकघरात बटाटे साठविले जातात. या दोन्ही ठिकाणी करड्या रंगाचा एक लहानसा पतंग दिसण्याचा संभव असतो. तो कोणता हे ओळखल्याशिवाय औषध फवारणे म्हणजे अन्नाजवळ विनाकारण विष नेणे होय. उलट, त्याकडे दुर्लक्ष करून किडके बटाटे बियाण्यासाठी वापरले, तर कीड शेतात पोहोचते.

मूळ स्थान : हे दोन्ही पतंग मूळचे दक्षिण अमेरिकेतील व एकाच कुलातील आहेत. बटाट्यावरील पतंग १९०६ साली इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यात शिरला. टोमॅटोवरील पतंग, ज्याच्या अळीस ‘टुटा’ म्हणतात, २००६ साली स्पेनमध्ये पोहोचला आणि २०१४ साली पुणे भागातील टोमॅटोवर आढळला.

पतंगाची ओळख : बटाट्यावरील पतंग अरुंद असून पंख पसरले असता सुमारे १२ ते १६ मिलिमीटर भरतो. पुढील पंख करडे-तपकिरी व गडद ठिपक्यांचे असतात. मागील पंखांना केसांची झालर असते. टोमॅटोवरील पतंग त्याहून लहान, सुमारे १० मिलिमीटर पंखविस्ताराचा असून त्याचे पंख रुपेरी-करडे व काळ्या ठिपक्यांचे असतात. मात्र पंखांवरील खवले झडले की रंगावर विसंबता येत नाही. धान्याच्या डब्याजवळ दिसणारा गवती रंगाचा पतंग बहुधा धान्यावरील असतो. त्याचा या दोन पिकांशी संबंध नाही.

अळीची ओळख : खरी खूण अळीच्या कामात सापडते. साठविलेल्या बटाट्याच्या डोळ्याजवळ काळसर विष्ठेचा पुंजका दिसल्यास बटाटा कापून पाहावा. आत वेडीवाकडी भुयारे व तपकिरी डोक्याची पांढरट वा गुलाबी अळी असल्यास ती बटाट्यावरील पतंगाची समजावी. टोमॅटोच्या पानावर पारदर्शक, रुंद चट्टा, त्यात काळी विष्ठा आणि फळाच्या देठाजवळ टाचणीएवढी छिद्रे असल्यास टुटा अळीचा संशय घ्यावा. पानावर केवळ नागमोडी पांढरी रेघ असेल, तर ती नागअळी होय; ती माशीची अळी आहे, पतंगाची नव्हे.

बटाट्यावरील पतंगाची अळीही टोमॅटोची पाने पोखरू शकते. म्हणून चट्टा उघडून अळी भिंगाखाली पाहावी. टुटा अळीच्या डोक्यामागे एक बारीक काळी पट्टी असते. दुसरीच्या डोक्यामागील संपूर्ण भाग गडद असतो.

उपाय : किडके बटाटे त्वरित वेगळे काढावेत. ते, तसेच पोखरलेली पाने व फळे, खताच्या खड्ड्यात न टाकता प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत, म्हणजे आतील अळ्या मरतात. खाण्याच्या बटाट्यांवर कीटकनाशक शिंपडू नये. निरोगी बटाटे कोरड्या, थंड जागी झाकून ठेवावेत. शेतात बटाट्यास मातीची चांगली भर द्यावी, कारण उघड्या पडलेल्या बटाट्यांवर मादी अंडी घालते. काढलेले बटाटे रात्री शेतात उघडे ठेवू नयेत आणि त्यांवर बटाट्याचा पाला पसरू नये.

टोमॅटोसाठी टुटा अळीच्या पतंगाचाच कामगंध सापळा लावावा. त्यात केवळ नर सापडतात. त्यामुळे किडीचे आगमन कळते, परंतु तेवढ्याने तिचा नाश होत नाही. शंका राहिल्यास पतंग व पोखरलेले पान बंद बाटलीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे. खेड, आंबेगाव यांसारख्या बटाटा पिकविणाऱ्या तालुक्यांत नातलगांकडे बेणे पाठविण्यापूर्वी प्रत्येक बटाट्याचे डोळे तपासून पाहावेत.