कोअर उघडण्याआधी

काल फोनवर म्हणालास, “आत्या, प्रोग्राम पडलाय, कोअर फाइल मिळालीय, पण बॅकट्रेस काहीच्या बाही दिसतोय.” असं झालं की पहिला संशय कोडवर घ्यायचा नाही, जोडीवर घ्यायचा. ही कोअर याच एक्झिक्युटेबलची आहे का, एवढं आधी पक्कं कर. बॅकट्रेस त्यानंतर वाच. उंब्रजला येऊन राहिल्यापासून मला असलं कोणी विचारत नाही. तू विचारलंस, तर आता सगळं ऐकून घे.

प्रोग्राम कोसळला की लिनक्सचा कर्नल त्याची मेमरी कोअर फाइलीत उतरवतो, पण सगळी नाही. स्टॅक, हीप, बदललेला डेटा, रजिस्टरं एवढं येतं. प्रोग्रामचा कोड सहसा येत नाही, कारण तो डिस्कवरच्या फाइलीत आहेच, असं कर्नल धरून चालतो. त्यामुळे डीबगर पत्ते कोअरमधून घेतो आणि त्या पत्त्यावर कोणतं फंक्शन आहे ते तू दिलेल्या फाइलीत बघून सांगतो. फाइल भलतीच दिलीस तरी तो नाव सांगणारच, आणि छातीठोक सांगणार. तुला निदान कचरा दिसला, हे बरं झालं. पटण्याजोगं खोटं दिसलं असतं तर आठवडा गेला असता.

तसा गेलेला मी पाहिलाय. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा प्रोग्राम ऐन गळीत हंगामात पडायचा. बाहेर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, आत काटेवाला हाताने पावत्या फाडतोय. कोअर आमच्याकडे पुण्याला आली. बॅकट्रेस पावती छापणाऱ्या फंक्शनकडे बोट दाखवत होता, म्हणून आमची दोन पोरं हात धुऊन त्याच्या मागे लागली. एक गोष्ट मात्र बसत नव्हती. छपाईला तारीख काढणाऱ्या फंक्शनने बोलावलं असं दिसत होतं, आणि सोर्समध्ये तसा कॉलच नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं, काट्यावर नवी फाइल टाकली होती, पण प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करायचं राहिलं होतं. डिस्कवर नवा, मेमरीत जुना, आणि घाईत आवृत्तीचा आकडा कोणी वाढवलेला नव्हता. बिल्ड सर्व्हरवरून जुनी फाइल काढून कोअरला लावली तर दोष निघाला काट्याकडून येणारं वजन वाचणाऱ्या बफरमध्ये. पावतीचा काही संबंधच नव्हता.

तेव्हा नावावर आणि आवृत्तीवर जाऊ नकोस. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आपल्या उंब्रजचा, पण चाफळला दोन आहेत, दास मारुती आणि वीर मारुती. तिथे नुसतं ‘चाफळचा मारुती’ म्हणून भागत नाही. जीडीबी हा डीबगर ‘कोअर या एक्झिक्युटेबलशी जुळत नसावी’ असा इशारा देतो, तो आला तर मनावर घे. नाही आला म्हणून निर्धास्त मात्र होऊ नकोस. कोअरमध्ये प्रोग्रामच्या नावाला 16 बाइटांची जागा, म्हणजे अक्षरं 15, आणि कित्येक जीडीबी तेवढं नाव जुळलं की गप्प बसतात.

खरी ओळख बिल्ड-आयडीची. लिंकर फाइल तयार करताना तिच्या मजकुराचा हॅश काढून तिच्यातच एका नोटमध्ये ठेवतो. सहसा 20 बाइट, लिहून काढले तर 40 हेक्स अंक. 2007 च्या फेडोरा 8 पासून ही पद्धत रुळली. फाइल स्ट्रिप केली तरी आयडी बदलत नाही, म्हणून गिऱ्हाइकाकडची स्ट्रिप केलेली फाइल आणि आपल्याकडची डीबग माहिती यांची गाठ त्यावरून घालता येते. एक्झिक्युटेबलवर ‘रीडएल्फ’ ‘एन’ पर्याय देऊन चालव. कोअरसाठी ‘ईयू-अनस्ट्रिप’ला ‘एन’ आणि ‘कोअर’ हे दोन्ही पर्याय दे. दोन्हीकडचे आयडी शेजारी ठेव. पहिले सात-आठ अंक जुळले तरी व्यवहारात पुरे. सगळे लिंकर आपण होऊन आयडी घालत नाहीत, तेव्हा मेकफाइलमध्ये तो पर्याय स्पष्ट लिहून ठेव.

आयडी नसेलच, तर माझी जुनी युक्ती. स्टॅकवरचे परतीचे पत्ते घे. प्रोग्राम दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी चढत असेल तर आधी त्यांतून त्याचा चढवलेला पत्ता वजा कर. तो कोअरमधल्या मॅप केलेल्या फाइलींच्या यादीत मिळतो. मग एक्झिक्युटेबल डिसअसेंबल करून प्रत्येक पत्त्याच्या लगेच आधीची इन्स्ट्रक्शन बघ. ती ‘कॉल’ असायला हवी, कारण परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवतो तो कॉलच. चार-पाच पत्त्यांना हे बसलं तर जोडी बहुधा खरी. पत्ता एखाद्या इन्स्ट्रक्शनच्या मधोमध पडला, की ती फाइल बाजूला ठेव. सिग्नल हँडलरची फ्रेम तेवढी यातून वगळायची.

इमॅक्सवाले याबाबत कडक आहेत. 2020 साली आलेल्या 27 व्या आवृत्तीपासून त्यांच्या डम्प फाइलीत एक ठसा असतो, आणि तो एक्झिक्युटेबलशी जुळला नाही तर इमॅक्स ती फाइल लोड करायला सरळ नकार देतो. कोअरच्या बाबतीत हा दरवान तुलाच व्हावं लागतं.

एक्झिक्युटेबल जुळली तरी लायब्ररी राहतात. पडलेल्या मशीनवरची लिबसी वेगळी आणि तुझ्या लॅपटॉपवरची वेगळी, म्हणजे बॅकट्रेसचा वरचा भाग पुन्हा काहीच्या बाही. ‘ईयू-अनस्ट्रिप’च्या यादीत लायब्ररींचेही आयडी असतात, तेही ताडून घे. त्या मशीनवरच्याच लायब्ररी मागवून जीडीबीचं सिसरूट त्या फोल्डरवर लाव.

आणि कोअर कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नकोस. प्रोग्रामच्या मेमरीतला डेटा बहुतेक सगळा तिच्यात असतो. काट्याच्या त्या कोअरमध्ये शेतकऱ्यांची नावं आणि टनेज होतं, तुमच्या तर पासवर्डही असतील. जागा कमी पडते म्हणून बिल्ड सर्व्हरवरच्या जुन्या फाइली पुसायला निघालेला जो कोणी तुमच्याकडे असेल, त्याला आधी मला फोन करायला सांग.